घर भरलेलं, मग माणूस गप्प का?

विचारणाऱ्या ताई पुण्याहून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, घेऊन गेल्या आहेत आणि सध्या टेक्सासमधल्या एका सरकारी कॅन्सर क्लिनिकमध्ये काम शिकताहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरवर उपचार झालेले हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे, पुरुष फॉलोअपला येतात ते गोतावळा घेऊनच. बायको, मुलगी, जावई, कधी शेजारीसुद्धा. वरिष्ठ म्हणतात, 'यांची घरं घट्ट असतात, यांचं बरं चाललेलं असतं.' प्रश्नावलीतले गुणही तेच सांगतात. पण समोर बसलेला माणूस उतरलेला दिसतो. मग कुटुंबाच्या आधाराने जगण्याचा दर्जा सुधारतो की नाही?

सुधारतो. आणि त्याच आधारामुळे माणसाचं तोंडही बंद होतं. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच आठवड्यात घडतात. तेव्हा तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. गुणांचं गौडबंगाल पुढे सांगते.

आधी माझी मर्यादा. मी लॉस एंजेलिसमध्ये एकवीस वर्षं ऑन्कोलॉजी सोशल वर्कर, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांसाठीची समाजसेविका, आहे. माझे बहुतेक पेशंट मेक्सिकोतल्या हालिस्को, मिचोआकान, साकातेकास या राज्यांतून आलेले, काही एल साल्वादोर आणि ग्वातेमालाचे. मी लिहिते आहे ते त्यांच्याबद्दल. 'हिस्पॅनिक' हा जनगणनेच्या फॉर्मवरचा शब्द आहे, २०२०च्या मोजणीत त्याखाली ६ कोटी २१ लाख माणसं आली. त्या सगळ्यांना एका मापाने मोजायला गेलात तर फसाल. आजारसुद्धा सगळ्यांना सारखा गाठत नाही. अमेरिकेतल्या एकूण हिस्पॅनिक पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी आहे, तरीही त्यांच्यात सगळ्यात जास्त सापडणारा कॅन्सर तोच. आणि अमेरिकेच्याच ताब्यातल्या, हिस्पॅनिक वस्तीच्या पोर्तो रिको बेटावर कॅन्सरने जाणाऱ्या पुरुषांत पहिला नंबर याच आजाराचा.

दुसरं, या आजारातून उठलेला माणूस पुढे बराच जगतो. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेल्या १,६४३ पुरुषांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी रेडिएशन घेतलं, कुणावर नुसती देखरेख ठेवली. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले सगळे मिळून तीन टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे प्रश्न बहुधा 'जगेल का' हा नसतो. पंधरा-वीस वर्षं कसा जगेल, हा असतो. लघवी गळते, ताठरता जाते, पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं चालू असतील तर अंगातून वाफा येतात, वजन वाढतं, मन खचतं. हे सगळं घेऊन त्याला जगायचं असतं, आणि तेही आठ माणसांच्या घरात.

आता कुटुंबाकडे वळू. ज्याला ते लोक 'फामिलिस्मो' म्हणतात, म्हणजे कुटुंबाला सगळ्यांत वर ठेवणं, ती एकच वस्तू आहे असं तुमचे वरिष्ठ धरून चालले आहेत. १९८७ साली साबोगाल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे तीन पदर वेगळे केले. घरच्यांसाठी आपण करायलाच हवं, हे कर्तव्य. अडचणीत घरचे धावून येतील, हा भरवसा. आणि वागावं कसं, ठरवावं कसं, याचं माप घरच्यांकडूनच घ्यायचं, हा तिसरा. माझा सगळा अनुभव या पहिल्या दोन पदरांच्या ओढाताणीचा आहे. भरवसा माणसाला ऑपरेशनपर्यंत नेतो, घरी आणतो, सूप पाजतो. कर्तव्य त्याला म्हणतं, तू घरासाठी करणारा, घराकडून घेणारा नव्हेस. आजारपण आलं की घेणारा व्हावं लागतं. तेव्हा जे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकू येईल ते म्हणजे 'नो किएरो सेर उना कार्गा', मला कुणाचं ओझं व्हायचं नाही.

त्याच्या जोडीला एक क्रियापद आहे, 'आग्वान्तार'. इंग्रजीत त्याचं भाषांतर करताना माझे सहकारी अडखळतात. आपल्याला अडखळायचं कारण नाही: सोसणं. त्यातला मोठेपणासुद्धा तोच. सोसणारा बाप चांगला बाप. घरचे वरून म्हणतात, 'एचाले गानास', जोर लाव, उमेद धर. प्रेमानेच म्हणतात. पण दिवसातून चार जणांनी उमेद धरायला सांगितल्यावर पाचव्याला 'आज नाही जमत' असं सांगायची सोय उरत नाही.

एक प्रसंग सांगते. ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. छपरं घालायचं काम करणारे साठीतले एक गृहस्थ. प्रोस्टेट काढून चार महिने झालेले. दर खेपेला सांगायचे, गळती थांबली. घरी माणसं सात आणि बाथरूम एक. एकदा बायको औषधाच्या दुकानात गेलेली असताना मी त्यांना विचारलं, 'पॅडचं पाकीट किती दिवस पुरतं?' किती गळतं असं नाही विचारलं, पाकीट किती दिवस पुरतं एवढंच. ते जरा थांबले आणि म्हणाले, आठवडाभर. चौदाचं पाकीट होतं. मग बाकीचं आलं. बाथरूममधली कचऱ्याची टोपली उघडी, आणि ती रिकामी करायची सून. सुनेच्या हाती ते जाऊ नये म्हणून हे वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचे, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालायचे आणि सकाळी ट्रकमधून कामाच्या जागेवरच्या कचऱ्यात टाकायचे. रविवारी काम नसायचं, म्हणून रविवारी पाणीच प्यायचे नाहीत. आणि रविवारी सगळं घर जेवायला एकत्र, मुलं-नातवंडं मिळून वीसेक माणसं. घरच्यांना वाटायचं, बाबा हल्ली माणसांत रमत नाहीत, नैराश्य आलं असेल. गोळ्या चालू करायच्या का, असं मुलगी मला विचारून गेली होती.

त्यांना लागली ती पायाने उघडायची झाकणाची टोपली. आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट, कारण शिंगल्सचा, म्हणजे छपराच्या पट्ट्यांचा, गठ्ठा खांद्यावर घेताना जी धार सुटते ती नुसत्या उमेदीने थांबत नाही. टोपली आणायचं मी बायकोला सांगितलं, त्यांच्या परवानगीने. तिने कारण विचारलं नाही. तिला बहुधा माहीत होतं.

आता ते गुण. तुमच्याकडे फॅक्ट-पी ही जगण्याच्या दर्जाची प्रश्नावली वापरत असतील तर त्यातला सामाजिक-कौटुंबिक भाग काढून बघा. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण २८. मित्र, घरच्यांचा आधार, घरच्यांनी आजार स्वीकारला का, जोडीदाराशी जवळीक, अशी विधानं आहेत आणि सातवं लैंगिक जीवनाच्या समाधानाचं. त्याच्या आधी एक चौकोन असतो: उत्तर द्यायचं नसेल तर इथे खूण करा. आमचे काका बिनचूक तिथे खूण करतात. मग नियमाप्रमाणे उरलेल्या सहांवरून सातांचा हिशोब होतो: सहा गुणिले चार चोवीस, गुणिले सात, भागिले सहा. झाले २८ पैकी २८. तोच माणूस खरं बोलून सातव्याला शून्य देता, तर २४ होते. म्हणजे जो गप्प बसला तो सर्वांत सुखी ठरला! घर खरोखर भरलेलं असल्यामुळे बाकीचे सहा मनापासून चार-चार येतात, आणि नेमकी दुखरी जागा हिशोबातून गळते. एपिक-२६ या दुसऱ्या प्रश्नावलीत वेगळी गंमत आहे. तिथे गळती किती हे वेगळं विचारतात आणि तिचा त्रास किती वाटतो हे वेगळं. दिवसाला दोन पॅड लिहिणारा माणूस त्रासाच्या रकान्यात 'काही नाही' लिहितो. ते खोटं नसतं, तेच आग्वान्तार. त्यामुळे बेरीज बघू नका. ही दोन उत्तरं शेजारी ठेवा, आणि सोडलेला प्रश्न हे उत्तरच समजा.

माचिस्मोबद्दल, म्हणजे मर्दपणाच्या मिजाशीबद्दल, तुम्हाला व्याख्यान मिळालंच असेल. तिकडच्या प्रत्येक तरुण डॉक्टरला वाटतं की या माणसांचं सगळं दुःख कमरेखाली आहे. ताठरतेचं दुःख असतं, मोठं असतं, ते मी कमी लेखत नाही. पण माझ्याकडे दार लावून रडलेले पुरुष बहुतेक कामावरून रडले. ऑपरेशननंतर सहाएक आठवडे जड उचलायचं नाही, आणि रोजंदारीवर न उचलणाऱ्याला कोण विचारतो? दर महिन्याला गावी आईला पैसे जायचे, ते थांबले. मुलगा भाडं भरू लागला. २००८ मध्ये आर्सिनिएगा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकन-अमेरिकन पुरुषांच्या पुरुषपणाचे दोन भाग दाखवले: एक धाक दाखवणारा, वर्चस्वाचा माचिस्मो आणि दुसरा 'काबाल्येरिस्मो', म्हणजे घराला जपणारा, शब्द पाळणारा सभ्य पुरुष. या दुसऱ्याला लागलेली जखम आपल्याला दिसत नाही, कारण आपण पहिल्याची वाट बघत बसलेले असतो.

बायकांबद्दल फार कमी विचारलं जातं, म्हणून इथे थोडी थांबते. नवरा जवळ येईना झाला की ती दोनपैकी एक समजते. आजाराने गेलं, किंवा बाहेर कुणी आहे. दुसरा संशय तुम्हाला विचित्र वाटेल, पण मी तो पुष्कळदा ऐकला आहे, कारण नवरा स्पर्शच टाळतो. मिठी मारली तर पुढचं जमणार नाही, म्हणून मिठीच नको. काहींना संबंधाच्या वेळी थोडी लघवी जाते, आणि ते कुणी आधी सांगितलेलं नसतं. नसा वाचवून केलेल्या ऑपरेशननंतरही ताठरता परत यायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, गोळ्या, पंप, इंजेक्शन असे उपाय आहेत, आणि त्या काळात नुसती जवळीक ठेवायला हरकत नसते. हे दोघांना एकत्र बसवून सांगावं लागतं. ती स्वतः पन्नाशीपुढची असते, तिच्याही तक्रारी असतात, तिला विचारा. कधी तिला हायसं वाटलेलं असतं आणि त्याचीच टोचणी लागलेली असते.

हार्मोनच्या इंजेक्शनवर असलेल्यांच्या घरी मात्र कधी कधी हशाही पिकतो. अंगातून येणाऱ्या वाफांना स्पॅनिशमध्ये 'बोचोर्नोस' म्हणतात, आणि तो बायकांच्या पाळी जाण्याच्या वयातला शब्द. पुरुष तो तोंडातून काढत नाहीत, 'उकडतंय' म्हणतात. एका आजींनी पर्समधला हातपंखा काढून माझ्यासमोर नवऱ्याच्या हातात दिला: 'घ्या. आता कळलं का मला काय होत होतं ते?' तोही हसला. त्या दिवशी झोपेबद्दल, चिडचिडीबद्दल तो जेवढं बोलला तेवढं आधीच्या वर्षात बोलला नव्हता.

माझी एक चूकही सांगते, कारण तुमच्या हातून ती होण्याची शक्यता दाट आहे. आपण एकत्र कुटुंबातून आलेलो, गोतावळा बघितला की आपल्याला माहेर भेटल्यासारखं वाटतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका पेशंटच्या घरच्यांची मोठी बैठक घेतली. अकरा माणसं, बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या. तो मधोमध बसलेला, 'तोदो बिएन, ग्रासियास आ दिओस' म्हणत. सगळं ठीक, देवाची कृपा. थोरल्या मुलाने तिथेच जाहीर केलं की तो रात्रीचं कॉलेज सोडणार आणि वडिलांना प्रत्येक तपासणीला आणणार. सगळ्यांचे डोळे पाणावले, माझेही. मी फाइलमध्ये लिहिलं: उत्तम कौटुंबिक आधार. त्यानंतर तो माणूस पाच महिने आला नाही. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची चाचणी, करायची राहून गेली. तारखांची पत्रं यायची ती तो ट्रकच्या कप्प्यात घालून ठेवत होता, घरी सांगत होता की आता बोलावत नाहीत. मुलाचं कॉलेज सुटू नये म्हणून. त्याच्या हिशोबात त्याने बापाचं कर्तव्य केलं होतं. मी त्याला आधी दहा मिनिटं एकट्याला भेटले असते, तर हे त्याने मला सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं.

म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी तो एकटा, मग त्याच्या परवानगीने बायको, मग घर. एकट्याला विचारते: घरात कुणाला काय कळलेलं चालेल? बायकोला गळतीचं कळलं तर चालेल, मुलीला नको, भावाला फक्त 'ऑपरेशन झालं' एवढंच, असं उत्तर येतं. ते लिहून ठेवते आणि पाळते. नाजूक प्रश्न त्याच्यावर रोखत नाही. 'ऑपरेशननंतर पुष्कळ जण सांगतात की असं होतं, तुमचा अनुभव काय?' असं विचारते.

मुलीला दुभाषी करू नका. अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला आणीबाणी सोडली तर ओबामा काळातल्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ खालच्या नियमांनी मनाईच आहे, पण मोठ्या मुलीकडूनही नको. डॉक्टरने ताठरतेबद्दल विचारलं की मुलगी बापाकडे न बघता म्हणते, 'ते म्हणतात ठीक आहे.' बापाने तोंडही उघडलेलं नसतं.

सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती अशी: त्याला घेणाऱ्याच्या जागेवरून उठवून देणाऱ्याच्या जागी बसवा. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल तर पुरुषाचा धोका दुपटीहून अधिक वाढतो. आणि त्यांना तो पासष्टीच्या आत झालेला असेल, तर अमेरिकन कॅन्सर सोसायटी अशा पुरुषांना ४५व्या वर्षीच डॉक्टरांशी पीएसएबद्दल बोलायला सांगते, तर सर्वसाधारण धोक्याच्या पुरुषांना पन्नाशीला. हे मुलांना, धाकट्या भावांना कुणी सांगायचं? मी नाही, त्यांनीच. गुदद्वारातून बोटाने करायच्या तपासणीच्या नुसत्या कल्पनेने हे पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यावर रविवारच्या जेवणात थट्टा चालते, आणि ती थट्टा मोडायचा अधिकार घरातल्या ज्येष्ठालाच असतो. पहिल्यांदा रक्त तपासूनही सुरुवात होते, हे त्याच्या तोंडून आलं तर चौघे जण जातात. आमच्या त्या छपरवाल्या काकांनी दोन भाऊ आणि एक मेहुणा पाठवला. त्यानंतर रविवारी ते पाणी पिऊ लागले की आधीपासून, हे मी विचारलं नाही.

रजेचं एक वेगळं दुखणं आहे. केंद्राच्या १९९३च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, पण बिनपगारी, मोठ्या आस्थापनातच, आणि स्वतःचं आजारपण सोडलं तर फक्त जोडीदार, आईवडील किंवा मुलांच्या आजारपणासाठी. पुतण्या, मेहुणा, 'कोम्पाद्रे' म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्याने जोडलेला मानलेला भाऊ, हे त्यात बसत नाहीत. प्रत्यक्षात गाडी चालवून आणतो तो कोम्पाद्रेच. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून आपल्या पसंतीच्या एका माणसासाठीही रजा घ्यायची मुभा दिली आहे, तुमच्या टेक्सासमध्ये तशी सोय नाही. तेव्हा 'बरोबर कोण येईल' हे विचारताना 'त्या दिवसाची मजुरी कुणाची बुडेल' हेही विचारा. आणि येणाऱ्यांपैकी कुणाची कागदपत्रं अपुरी असतील तर त्याला सरकारी इमारतीत यायची भीती वाटते. ते मात्र विचारू नका, आणि फाइलमध्ये तर मुळीच लिहू नका. फोनवर बोलायची सोय करून द्या.

शेवटी, स्पॅनिश शिकू का, असं तुम्ही जाता जाता विचारलं आहे. शिकाच, पण सुरुवात 'उस्तेद'पासून, म्हणजे आदराच्या 'तुम्ही'पासून, करा. अमेरिकन पद्धतीने साठीच्या माणसाला पहिल्या नावाने आणि 'तू'ने हाक मारलीत तर तो हसेल आणि पुन्हा 'तोदो बिएन' म्हणेल. नावाआधी 'दोन' लावा, म्हणजे आकडा नव्हे, स्पॅनिशमधला आदराचा शब्द, आणि बायकांच्या नावाआधी 'दोन्या'. आपण काका, मावशी म्हणतो तेवढं ते जवळचं नाही, रावसाहेब म्हणतो तेवढं लांबचंही नाही. आणि मोडकं स्पॅनिश येऊ लागलं तरी त्या दहा मिनिटांसाठी दुभाषी बोलवाच, शक्यतो पुरुष, आणि आधीच वेळ लावून. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी कुणीही मिळत नाही, तुमच्याकडे कुठला वार अवघड आहे ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.